टच-अप बिघडल्यावर काय करावे

गाडीवरचा ओरखडा घरच्या घरी रंगवताना चूक झाली, तर बहुतेक जण घाईने त्यावर दुसरा हात फिरवतात आणि तांदळाएवढ्या डागाचा चांगला मोठा धब्बा करून बसतात. खरे तर रंग अगदी ओला असताना किंवा पूर्ण कडक झाल्यावरच चूक दुरुस्त करता येते. अर्धवट सुकलेल्या, चिकट रंगाला हात लावला की तो सालीसारखा ओढला जातो.

ओल्या रंगाचा थेंब सांडला किंवा ओघळ आला, तर जुन्या प्लास्टिकच्या कार्डाभोवती सुती कापड ताणून गुंडाळावे, त्याला थिनरचा केवळ ओलसरपणा द्यावा आणि एकाच दिशेने, हलक्या हाताने पुसावे. कापड ताणलेले असल्यामुळे ते ओरखड्याच्या खाचेत उतरत नाही, म्हणून खाचेतला रंग टिकतो आणि वरचा तेवढा निघतो. कंपनीचा मूळ रंग थिनरचा क्षणभराचा स्पर्श सोसतो. मात्र पूर्वी गॅरेजमध्ये रंगवून घेतलेला भाग आणि प्लास्टिकचा बंपर यांच्याबाबतीत हा धोका पत्करू नये.

वाळलेला उंचवटा उतरवण्यासाठी किमान आठवडाभर थांबावे. त्यानंतर 2000 नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा बारीक पॉलिश पेपर) साबणाच्या पाण्यात भिजवून, खोडरबराच्या छोट्या तुकड्याला गुंडाळून, फक्त उंचवट्यावरच घासावा आणि शेवटी 3000 नंबरने व रबिंग कंपाउंडने (चकाकी आणणाऱ्या घासण्याच्या पेस्टने) चमक आणावी. बोटाने घासू नये, कारण बोटाचा दाब सारखा पडत नाही. कंपनीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरतात आणि त्यातला क्लिअर कोट, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर, बहुधा 40-50 मायक्रॉनचाच असतो, त्यामुळे दर काही फेऱ्यांनी पुसून पाहावे. पाणी पांढुरके दिसते तोवर क्लिअर कोटच निघत असतो. आजूबाजूच्या भागावरून पाण्यात गाडीचा रंग उतरू लागला, तर तिथेच थांबावे.

पुण्यात जून ते सप्टेंबर या काळात एक वेगळीच चूक होते. हवेतला दमटपणा ओल्या रंगावर बसतो आणि रंग दुधाळ, निस्तेज वाळतो. हा दोष पुष्कळदा वरवरचा असतो, त्यामुळे कोरड्या दिवशी कंपाउंड लावून पाहावे; तेवढ्याने तो गेला नाही, तर तो थर काढून पुन्हा रंगवावे. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या बॉनेटवर मात्र उलटे होते: रंग पसरण्याआधीच सुकतो आणि ब्रशच्या रेघा उमटतात. सकाळी, सावलीत, पत्रा गार असताना काम करणे हाच त्यावरचा उपाय.

शेडच चुकली असेल, तर घासून काहीही साधत नाही. पुण्याच्या नाना पेठेतल्या रंगाच्या दुकानात 'पांढरा' मागू नये. दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली चिकटवलेल्या पट्टीवरचा कलर कोड दाखवावा. मेटॅलिक रंग बाटली नीट न हलवता लावला, तर त्यातले चमचमते कण तळाशीच राहतात आणि डाग काळपट दिसतो. असा रंग खरवडून पुन्हा लावण्याला माझ्या मते पर्याय नाही. खरवडताना आत गंज दिसला, तर तो पूर्ण साफ करून, प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) देऊन मगच रंग लावावा, आणि नव्या रंगावर महिनाभर वॅक्स लावू नये.