दुसरी बॅटरी भरतच नव्हती, दोष निघाला अर्थिंगचा

जुनी फोर-बाय-फोर जीप. मागच्या फ्रिजसाठी दुसरी बॅटरी, मध्ये व्होल्टेज बघून दोन्ही बॅटऱ्या जोडणारा रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच (१३.३ ला जोडतो, १२.८ ला तोडतो). इंजिन चालू असताना पुढच्या बॅटरीवर १४.२ व्होल्ट, मागच्यावर जेमतेम १२.९. सोलापूरहून नान्नजच्या माळरानावर जाऊन उभं राहिलं की दोन तासांत फ्रिज बंद.

रिले बदलला, मग बॅटरीही बदलली. पैसे गेले, फ्रिज बंदच. मे महिन्यात पाण्याचा अक्षरशः चहा व्हायचा.

शेवटी इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर लावला. पुढचा प्लस ते मागचा प्लस: ०.२ व्होल्ट. पुढचा मायनस ते मागचा मायनस: १.१! म्हणजे व्होल्टेज मायनसच्या बाजूला पडत होतं. मेकॅनिकने मागची अर्थ (बॅटरीचा मायनस गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे चॅसिसला जोडणारी वायर) रंगावरच आवळली होती, आणि रंगातून वीज नीट जात नाही.

मग इंजिन बंद. आधी पुढचा मायनस काढला, मग मागचा. चॅसिसवरचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासला. २५ स्क्वेअर एमएमच्या वायरला नवीन लग (टोकाची धातूची कडी) दाबून बसवून, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला. ग्रीस नंतर, वरून. मधल्या प्लसच्या वायरला एकच फ्यूज होता, मागे दुसरा टाकला, बॅटरीपासून वीतभर अंतरात. वीज दोन्ही टोकांनी येते, त्यामुळे दोन्हीकडे हवाच. मग मागचा मायनस जोडला, पुढचा सगळ्यात शेवटी.

आता मागे १४.० येतात.