पुण्यात कोर्ट बीट मिळालंय? मग हे वाचून जा

नांदेड, परभणी, लातूरकडची पोरं-पोरी पुण्यात पत्रकारितेत आली, की सहा-आठ महिन्यांत कुणाला तरी कोर्ट बीट, म्हणजे कोर्टाच्या बातम्यांचं काम, मिळतं आणि माझा फोन वाजतो. "ताई, उद्यापासून शिवाजीनगर कोर्ट. काय काय बघू?" मी स्वतः नांदेडची. आता इतकी वर्षं इथे काढली आहेत, की गावाकडचे मला पुण्याची पाहुणी समजतात. दरवेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

राहायला नवी पेठ किंवा सदाशिव पेठ बघा. स्पर्धा परीक्षेच्या मुलांमुळे कॉट बेसिसवर जागा मिळते, मेस पण आहेत, आणि श्रमिक पत्रकार संघाचं पत्रकार भवन तिथेच गांजवे चौकात आहे. लांब राहणार असाल तर मेट्रोच्या जवळ राहा. दोन्ही मार्ग जिल्हा न्यायालय स्टेशनवर एकत्र येतात, त्यामुळे वनाजहून या, पिंपरीहून या की स्वारगेटहून, उतरायचं तिथेच.

शिवाजीनगरचं आवार म्हणजे सगळं पुणे कोर्ट नव्हे, हे पहिल्याच दिवशी लक्षात घ्या. लष्कर, खडकी, पिंपरी इथली न्यायालयं वेगळी. बाल न्याय मंडळ येरवड्यात. कौटुंबिक न्यायालय शिवाजीनगरलाच, पण त्याची इमारत स्वतंत्र. आणि आपल्याकडे हायकोर्ट म्हटलं की औरंगाबाद खंडपीठ डोळ्यांसमोर येतं; पुण्याची अपिलं मुंबईला जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, सातारा-सोलापूर तिकडे गेले, पुणे मुंबईकडेच राहिलं. पुण्याला खंडपीठ मिळावं ही इथल्या वकिलांची जुनी मागणी आहे. तेव्हा वकिलांच्या बार रूममध्ये चहा पिताना कोल्हापूरचा विषय जरा जपूनच काढा.

पहिला आठवडा बातमीच्या मागे धावू नका. संपादक ऐकणार नाहीत, तरी सांगते. त्या आठवड्यात बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, वाचायला शिका, पुकारा कसा होतो ते बघा, सरकारी वकिलांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, आला की नाही हे कुठे कळतं ते शोधा. ई-कोर्ट्सचं अ‍ॅप फोनमध्ये घ्या. प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. तो हातात असला की पुढची तारीख आणि अपलोड झालेले आदेश जागेवर बसून दिसतात. वकील उत्साहाने सांगतात, "आज आपल्या बाजूने ऑर्डर झाली." रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, बघावं तर 'से'साठी पुढची तारीख, एवढंच. माझा विश्वास रोजनाम्यावर.

आता मुद्द्याचं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीला काही अपवाद दिले आहेत. त्यातला एक खास आपल्या कामाचा: कोर्टात जे चाललं त्याचा बहुतांशी खरा वृत्तांत छापणं ही बदनामी नाही. १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्याचं कलम ४ सुद्धा न्याय्य आणि अचूक वृत्तांताला संरक्षण देतं. पण ही दोन्ही संरक्षणं न्यायाधीशांसमोर घडलेल्या गोष्टींपुरती. आत वकिलांनी "फिर्यादीने खंडणी मागितली होती" असा युक्तिवाद केला आणि तुम्ही तो युक्तिवाद म्हणून दिला, तर कायदा तुमच्या पाठीशी आहे. तेच वकीलसाहेब बाहेर पायऱ्यांवर चॅनेलच्या बूमसमोर म्हणाले, "तो खंडणीखोरच आहे," आणि तुम्ही ते छापलं, तर या अपवादाची ढाल गेली. वाक्य खरं असल्याचं तुम्हालाच दाखवावं लागेल. पायऱ्यांवरचा बाइट मिळायला सोपा असतो. आतलं ऐकायला मात्र तासन्‌तास मागच्या बाकावर बसावं लागतं, तेही फोन सायलेंटवर ठेवून आणि रेकॉर्डिंगचा विचारही न करता.

रिमांडच्या दिवशी हा मोह सगळ्यात जास्त. तपास अधिकारी पोलीस कोठडी मागतात, कारणं देतात, बचाव पक्ष विरोध करतो, न्यायाधीश दिवस ठरवतात. हे चारही भाग बातमीत हवेत. बहुतेक बातम्यांत पहिले दोनच असतात. "आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली" हे वाक्य तर दिसताक्षणी अडवा, भले ते क्राइमच्या सीनियरने लिहिलेलं असो. पोलिसांसमोरची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वी पुरावा कायद्यात हेच होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. जानेवारी २०२१ मध्ये सुशांतसिंह राजपूत प्रकरणाच्या वार्तांकनावरच्या याचिकांत मुंबई उच्च न्यायालयाने हे माध्यमांना सुनावलंही आहे: कथित कबुलीजबाब ग्राह्य पुरावा असल्यासारखा दाखवू नका.

एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. संवेदनशील गुन्हे त्यातून वगळले आहेत. आरोपपत्राचं तसं नाही. ते सार्वजनिक दस्तऐवज नाही, असं त्याच न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आरोपपत्राची पीडीएफ आली, की ती कोणी पाठवली आणि आत्ताच का, हे आधी स्वतःला विचारा. मग कागद अस्सल आहे का ते बघा. या गावात याचा इतिहास आहे. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्धची पत्रं खरी मानून टिळक-आगरकरांनी लिहिलं, पत्रं बनावट निघाली, आणि दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. हेतू शुद्ध होता हे सगळ्यांना मान्य होतं, तरी शिक्षा चुकली नाही.

आता ओळख लपवण्याबद्दल. यात पुण्यातले अनुभवी लोकही चुकतात, म्हणून जरा सविस्तर. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. ती मरण पावली असली तरी नाव छापता येत नाही, आणि नातेवाइकांनी हो म्हटलं म्हणूनही नाही. तशी गरज असेल तर तो निर्णय सत्र न्यायाधीशांचा, असं २०१८ च्या निपुण सक्सेना निकालात आहे. त्याच निकालानुसार, जिच्यावरून तिची ओळख दुरून का होईना पटेल अशी कुठलीही माहिती चालत नाही. 'कोथरूडच्या अमुक सोसायटीत राहणारी, तमुक क्लासला जाणारी, वडील बँकेत' असं लिहून शेवटी 'नाव बदलले आहे' टाकणं म्हणजे दार सताड उघडं ठेवून कुलूप कडीला लावणं. त्यातून एका पेपरने सोसायटी लिहिली, दुसऱ्याने वडिलांची नोकरी, तिसऱ्याने वय, की शेजारपाजारचे जुळवाजुळव करून घेतात. म्हणून इतरांनी काय छापलंय तेही बघून मग आपलं लिहा.

कलम ७३ तर अनेकांना माहीतच नसतं. अशा खटल्याच्या कामकाजाबद्दल कोर्टाच्या परवानगीशिवाय काहीही छापणं गुन्हा आहे. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांना सूट आहे. शिवाजीनगरच्या निकालाचं नाव त्या सुटीत नाही. परवानगीसाठी अर्ज करायला लाजू नका.

पीडित मूल असेल तर पोक्सोचं, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याचं, कलम २३: नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, परिसर, काहीच नाही. शिक्षा सहा महिने ते एक वर्ष, किंवा दंड, किंवा दोन्ही, आणि तुमच्याबरोबर प्रकाशकही जबाबदार. आरोपी अल्पवयीन असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम ७४ त्यालाही तेच संरक्षण देतं. इथे दंड दोन लाखांपर्यंत. अल्पवयीन मुलगा आरोपी असलेल्या १९ मे २०२४ च्या कल्याणीनगर अपघातानंतर या कलमाची पुण्यात जेवढी दैना झाली तेवढी मी कधी पाहिली नाही. लोकांचा संताप खरा होता, दोन तरुण जीव गेले होते. पण मुलाचं नाव झाकायचं आणि वडिलांचं नाव, व्यवसाय, घर सगळं मथळ्यात, यात कायदा कुठे पाळला गेला? वडिलांवर स्वतंत्र गुन्हा असल्याने त्यांचं नाव टाळणं अवघड होतं, हेही खरं. मला अजून याचं समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही.

कौटुंबिक न्यायालयात किश्शांना तोटा नाही, आणि नावं बदलून ते छापायची इथे जुनी पद्धत आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नुसार मात्र अशा प्रकरणांचं कामकाज बंद दाराआडच चालतं आणि त्याबद्दल काहीही छापायला मनाई आहे. दंड फक्त हजार रुपयांचा, म्हणून कोणी मनावर घेत नाही. तुम्ही घ्या.

अवमानाची भीती नवख्यांना उगाच जास्त असते. अंतिम निकाल लागला की त्याच्या गुणदोषांवर न्याय्य टीका करायला अवमान कायद्याचं कलम ५ मोकळीक देतं. न्यायाधीशांना हेतू चिकटवू नका म्हणजे झालं. निकालानंतर खरी काळजी घ्यायची ती सुटलेल्यांची. दाभोलकर खटल्यात १० मे २०२४ ला दोघांना जन्मठेप झाली आणि तिघांची निर्दोष मुक्तता. त्या तिघांबद्दल पुढे लिहिताना जुन्या बातमीतलं विशेषण तसंच उचललं, तर गोत्यात तुम्ही येता.

रोजच्या वहीत कोर्ट हॉलचा नंबर, न्यायाधीशांचं नाव, वेळ आणि कोण काय म्हणालं हे तारखेसह लिहा. ती वही बातमी छापून आल्यापासून तीन वर्षं तरी फेकू नका. लेखी बदनामीच्या दिवाणी दाव्याला साधारण एक वर्षाची मुदत असते, फौजदारी तक्रारीला तीन वर्षांची, आणि शहाणे वकील शेवटच्या आठवड्यात नोटीस पाठवतात.