व्होल्ट आणि अँपिअर मोजून रोध व शक्ती कशी काढावी

खानापूर तालुक्यातील आमच्या घरी पाणी तापवण्याच्या रॉडवर ‘२३० व्होल्ट, १००० वॅट’ असे छापलेले आहे, तरीही संध्याकाळी बादलीभर पाणी तापायला सकाळपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. रॉड बिघडला आहे की विजेचा दाब (व्होल्टेज) कमी पडतो आहे, याचा निवाडा दोन आकडे मोजून करता येतो.

त्यासाठी सूत्रेही दोनच लागतात. व्होल्टला अँपिअरने भागले की ओहममध्ये रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा मिळतो. जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेला नियम तो हाच. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार केला की वॅटमध्ये शक्ती मिळते.

मोजणीत मात्र घाई करू नये. रॉड खुणेपर्यंत पाण्यात बुडवून मगच बटण चालू करावे, आणि तो चालू असतानाच त्याच बोर्डाच्या दुसऱ्या सॉकेटवर व्होल्टेज मोजावे, कारण भार नसताना दिसणारा दाब भार पडल्यावर टिकतोच असे नाही. करंटसाठी क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरभोवती जबडा लावून अँपिअर मोजणारा मीटर वापरावा. त्याचा जबडा संपूर्ण केबलभोवती लावला, तर फेज आणि न्यूट्रलमधील विरुद्ध दिशांचे प्रवाह एकमेकांना रद्द करतात आणि मीटर शून्य दाखवतो. म्हणून ज्या एक्स्टेन्शन बोर्डाची फेजची वायर आवरणासह सुटी ठेवलेली आहे, असा बोर्ड वायरमनकडून करून घ्यावा. साधा मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून त्याच्या पिना सॉकेटमध्ये कधीही घालू नयेत, तो थेट शॉर्ट सर्किट होतो.

समजा, १९० व्होल्ट आणि ३.६ अँपिअर मिळाले. रोध ५२.८ ओहम आणि शक्ती ६८४ वॅट झाली. आता छापील आकड्यांवरून अपेक्षित रोध काढावा. वरची दोन सूत्रे जोडली की रोध म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले वॅट: २३० चा वर्ग भागिले १००० म्हणजे ५२.९ ओहम. दोन्ही रोध जुळतात, तेव्हा रॉड चांगला आहे आणि उणीव दाबात आहे. याउलट २३० व्होल्टला ३ अँपिअरच मिळाले असते, तर रोध ७७ ओहमच्या आसपास गेला असता आणि दोष रॉडमध्ये किंवा ढिल्या जोडणीत शोधावा लागला असता. दाब सुमारे १७ टक्के घटला तरी शक्ती ३२ टक्के घटते, कारण रोध तोच असताना शक्ती दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलते. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत न्यायला १००० वॅटवर सुमारे ३७ मिनिटे पुरतात, ६८४ वॅटवर जवळजवळ ५४ लागतात. बाहेर निसटणारी उष्णता यात धरलेली नाही.

तारेच्या जुन्या बल्बला हा मेळ लावताना तो पेटलेला असतानाच मोजावे, कारण थंड तारेचा रोध तापलेल्या तारेच्या दहाव्या हिश्श्याइतका किंवा त्याहूनही कमी असतो.

बेळगावातील वडगाव-शहापूरच्या यंत्रमागाची मोटर किंवा चिक्कोडीकडील उसाचा पंप यांना मात्र हे गणित असे सरळ लागू पडत नाही. तिथे व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे वाइंडिंगचा (मोटरमधील तारेच्या गुंडाळ्यांचा) रोध नव्हे, आणि शक्ती काढताना गुणाकाराला पॉवर फॅक्टरने (त्या गुणाकारातला किती हिस्सा खरी शक्ती आहे ते सांगणाऱ्या आकड्याने), थ्री फेज असल्यास शिवाय १.७३२ ने गुणावे लागते. ४१५ व्होल्ट, ७ अँपिअर आणि ०.८ पॉवर फॅक्टर असेल, तर मोटर सुमारे ४०२५ वॅट खेचते. दाब उतरला की रॉडचा करंट कमी होतो, पण भाराखालच्या मोटरचा वाढतो आणि वाइंडिंग तापते. म्हणून नेमप्लेटवरील अँपिअरपेक्षा आकडा वर जाऊन तिथेच राहिला, तर मोटर लगेच बंद करावी आणि दाब सुधारल्यावरच पुन्हा चालू करावी.