कॅलेंडर कमिटीच्या बैठकीआधी

कॉलेजच्या शैक्षणिक दिनदर्शिका समितीत पहिल्यांदाच नाव आलं असेल, तर मागच्या वर्षीचं कॅलेंडर काढून तारखा खालीवर करत बसू नका. आधी विद्यापीठाचं परिपत्रक समोर ठेवा. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांना सत्र कधी उघडायचं नि कधी संपवायचं हे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ कळवतं. आपल्या हातात मधलं राहतं, आणि घोळ होतो तोही तिथेच.

मग दिवस मोजा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे वर्षाला किमान १८० दिवस, म्हणजे सहा दिवसांचे ३० आठवडे, प्रत्यक्ष शिकवणं व्हायला हवं. प्रवेश आणि परीक्षा त्यात धरायच्या नाहीत. पण नुसत्या बेरजेवर जाऊ नका, वारही मोजा. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, म्हणजे खानदेशातली घरोघरची देवी, बसते. रविवारच असल्याने तिची सुट्टी कोणी मागत नाही, पण विसर्जन सोमवारी, घरी भाऊबंद जमलेले, वर्गात चार डोकी. ज्याच्या विषयाचे तास सोमवारीच जास्त, त्याचा अभ्यासक्रम हमखास मागे पडतो. चार क्रेडिटच्या थिअरीला ६० तास लागतात, आणि तासिका ४८ मिनिटांची असेल तर त्याच्या ७५ तासिका होतात. हे गणित टाइमटेबलवाल्यांसोबत बसूनच करा.

पंचांग हवंच. २०२५ ला लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आल्याने ते ८ नोव्हेंबरला गेलं. पहिल्या सत्राची परीक्षा दिवाळीआधी की नंतर, हा वाद दरवर्षी नव्याने होतो तो यामुळेच. माझं मत दिवाळीआधीचं. सुट्टीत पोरं कापूस वेचायला शेतात असतात, पुस्तक कोण उघडतं? वेचणी सुरू झाली की मजूर मिळत नाहीत, म्हणून इंटर्नल टेस्ट सप्टेंबरातच उरका.

नंदुरबारकडची मुलं असतील तर होळीचा आठवडा मोकळा सोडा. होळीआधीचा आदिवासींचा भोंगऱ्या बाजार, काठी गावची राजवाडी होळी; अक्कलकुवा-धडगावच्या मुलांची प्रॅक्टिकल त्या दिवसांत लावणं म्हणजे त्यांना जाणूनबुजून गैरहजर ठेवणं. शहाद्याच्या बाजूला दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा पाहा. उन्हाळी परीक्षेच्या वेळापत्रकात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पेपर येतो का, तेही तपासा. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचं ऊन सगळ्यांना ठाऊक आहे, प्रॅक्टिकलच्या बॅचेस सकाळच्याच ठेवा.

सीएचबीच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या, नेमणुकांचं काय, हे प्राचार्यांना बैठकीतच विचारा. कागदावर सत्र जूनमध्ये सुरू होतं, पण माणूसच उशिरा आला तर त्या विषयाचे दिवस कुठून आणणार? तोवर ते तास कोण घेणार, त्यांची नावं तिथल्या तिथे लिहून घ्या. बुडालेले तास ऑनलाइन घेऊ, असं कोणीतरी म्हणेलच. सातपुड्याच्या पाड्यांवर रेंज नसते. तिथली मुलं वर्गात असतील तर हा ठराव मंजूर होऊ देऊ नका.

निवडणूक ड्युटीची तारीख आधी कळत नाही, म्हणून प्रत्येक सत्रात एक आठवडा राखीव ठेवा आणि स्नेहसंमेलनवाल्यांच्या डोळ्यांपासून लपवा. इतिवृत्तावर सही करण्याआधी बुडालेला तास कोणी, किती दिवसांत भरून द्यायचा, हे त्यात स्पष्ट लिहिलंय का ते वाचा.