पायाच्या जखमेचं कल्चर पाठवताय? आधी डबी बघा

ग्लोव्हज, ब्लेड, फॉर्म हे सांगत बसत नाही, इंटर्न आहात, लहान नाही. पण ब्लेड हातात घ्यायच्या आधी स्टराइल डबीत थोडं नॉर्मल सलाईन घालून बाजूला ठेवा. सलाईन, फॉर्मलिन नाही. फॉर्मलिनमध्ये बॅक्टेरिया मरतात, मग लॅबवाले उगवणार काय, कपाळ? मागच्या पावसाळ्यात माझ्याकडून हाडाचा तुकडा फॉर्मलिनमध्ये गेला, कारण जवळ तीच डबी होती, आणि पेशंट परत टेबलावर. हाड असलं की तुकडे दोन, डब्या दोन, पॅथॉलॉजीला फॉर्मलिन, मायक्रोबायोलॉजीला सलाईन, आणि नावं आधीच लिहून ठेवा.

आता मुळात कल्चर हवंय का ते बघा. सूज, लाली, गरमपणा, दुखणं, पू यातलं निदान दोन तरी हवं. नसेल तर पाठवू नका, उघड्या जखमेत काहीतरी उगवतंच आणि मग उगाच त्याला औषध. शुगरवाल्याचा पाय बधिर असतो, दुखत नाही म्हणाला म्हणून फसू नका.

अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी सॅम्पल. फार्मसीतून गोळ्या घेऊन आला असेल तर नाव विचारून फॉर्मवर लिहा.

वरवर स्वॅब फिरवणं बंद करा हो, त्यात वरचे फुकटे येतात आणि खोलवरचे अ‍ॅनारोब (हवेशिवाय वाढणारे जंतू) राहतात. जखम धुवा, मेलेला भाग काढा, मग तळातला टिश्यू क्युरेटने (खरवडायच्या चमच्याने) घ्या आणि टाका, कशात? सलाईनमध्ये.

पावसात शेतात, कुळागरात अनवाणी फिरणारा असेल तर तेही लिहा, आपल्या किनाऱ्यावर मेलिऑइडोसिस, म्हणजे माती-पाण्यातल्या जंतूचा आजार, आहे आणि शुगरवाल्यांनाच जास्त गाठतो. रिपोर्टात 'स्यूडोमोनास' आलं, जेंटामायसिन आणि कोलिस्टिन दोन्ही रेझिस्टंट पण को-अमॉक्सिक्लॅव्ह सेन्सिटिव्ह, तर गप्प बसू नका, तो मेलिऑइडोसिसचाच जंतू असू शकतो, लॅबला विचारा.

डबी दोन तासांत पोचवा, अ‍ॅनारोब हवे असतील तर फ्रिज नको. ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून मायक्रोस्कोपखाली बघणं) त्याच दिवशी मागा. कल्चरला दोन-तीन दिवस, अ‍ॅनारोबला आणखी, नातेवाइकांना चवथीला घरी जायचं असतं, त्यांना आधीच सांगून ठेवा. रिपोर्ट आला की औषध बदला. आणि फॉर्मवर स्वतःचा मोबाईल नंबर टाका, लॅबने फोन करायचा कुणाला?