निसूलबोंडी लावायची तर बी ताजंच पेरा

निसूलबोंडी म्हणजेच सप्तरंगी. शास्त्रीय नाव सॅलेशिया चायनेन्सिस. देवराईत किंवा जुन्या गडग्यालगत (दगडी कुंपणालगत), शेजारच्या झाडाचा आधार घेत चढणारं हे झुडूप. मूळ आडवं कापलं की फिक्या-गडद रंगाची एकात एक कडी दिसतात, त्यावरून सप्तरंगी. घातही या मुळानेच केला. मधुमेहावरच्या औषधासाठी मुळंच खणून नेतात, आणि मूळ गेलं की झुडूप गेलं.

ओळख पक्की करूनच फळं घ्या. पानं समोरासमोर, जाड, चकचकीत. पानांच्या बेचक्यात हिरवट-पिवळी बारीक फुलं. भिंगातून पाहिलं तर प्रत्येकात तीनच पुंकेसर. उन्हाळ्यात नारिंगी-लाल गोल फळं पिकतात, आत गोड गर आणि बहुधा एकच मोठी बी.

सगळी फळं एकाच झुडपाची नकोत, चार-पाच झुडपांची थोडीथोडी घ्या. निम्मी तरी पाखरांना, वानरांना राहू द्या. राई देवस्थानाची असेल तर मानकऱ्यांना विचारा, वनखात्याच्या जागेत परवानगीशिवाय हात लावू नका.

सर्वात जास्त चुकतं ते पुढे. भाताचं बी वाळवतात तसं हे बी उन्हात वाळवलं की मरतं. डब्यात भरून पुढच्या वर्षासाठी ठेवलेलंही उगवत नाही. गर चोळून काढा, बी धुवा, पाण्यात टाका. तरंगेल ते फेका, बुडेल ते त्याच दिवशी, फार तर दोन-तीन दिवसांत पेरा.

माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत समभाग घेऊन पिशव्या भरा. बी साधारण २ सेंमी खोल. पिशव्या सावलीत ठेवा. ओल हवी, पण पाणी साचता कामा नये. साचलं की बी कुजतं. उगवण सावकाश होते, म्हणून आठ-पंधरा दिवसांत काही दिसलं नाही तरी पिशव्या उकरू नका.

रोप वर्षभर पिशवीतच वाढवा आणि पुढच्या जूनमध्ये, दोन-तीन चांगले पाऊस झाले की लावा. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात माती आणि घमेलंभर शेणखत. जागा अर्ध्या सावलीची, चढायला झाड जवळ असलेली. उघडा कातळ टाळा. मार्गशीर्षापासून बुंध्याभोवती वीतभर पातेऱ्याचा (सुक्या पानांचा) थर द्या, पण खोडाला चिकटवू नका, वाळवी लागते. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला एक-दोनदा पाणी.

रोपं दगावतात ती बहुतेक बेणणीत, म्हणजे गवत-झुडपं कापून जागा साफ करताना. गवताबरोबर कोयतीखाली जातात, ग्रास कटर तर विचारतच नाही. प्रत्येक रोपाशेजारी कमरेएवढी काठी रोवून तिला रंगीत चिंधी बांधा आणि बेणणीआधी गड्यांना रोपं दाखवून आणा. वणव्यासाठी डिसेंबरातच भोवतालचं सुकं गवत हातभर रुंद पट्ट्यात काढून टाका.

गावातली जुनी झुडपं ग्रामपंचायतीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत (गावातल्या झाडा-प्राण्यांची नोंद असते ती) लिहवून घ्या. पुढे कोणी मुळं खणायला आलं तर ही नोंद दाखवता येते.