वकील बदलायचा आहे, फाईल भेटत नाही, पैशाचा हिशेब नाही… तर काय करायचं

आपल्या इकडे तालुक्याच्या कोर्टात कास्तकाराच्या केसेस बहुतेक वावराच्याच असतात, वाटणी, धुऱ्याचं भांडण, नाहीतर धरणात किंवा रोडात गेलेल्या जमिनीचा वाढीव मोबदला. आणि वकिलाशी बिनसलं की माणूस गप्प बसते, कारण त्याच्या विरोधात जायचं तरी कुठं हेच माहीत नसते. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतो.

पहिले सुरुवातीचं. कोऱ्या कागदावर नाहीतर कोऱ्या चेकवर सही देऊ नका, कितीही घाई असली तरी. वकीलपत्र भरून झालं की त्याचा मोबाईलमध्ये फोटो काढा. पैसे होईल तेवढे फोन पे नं द्या, आणि मुन्शीच्या (वकिलाच्या कारकुनाच्या) हातात रोख दिलेच तर त्याच दिवशी वकीलसाहेबाला व्हॉट्सॲप करून ठेवजा, "साहेब, आज पेशीचे २००० मुन्शीजवळ दिले". दोन वर्षांनी वाद झाला तर हाच मेसेज कामी पडते. केसचा सीएनआर नंबर (कोर्टानं केसला दिलेला ओळख नंबर) पण मागून घ्या, १६ अक्षरं-आकड्यांचा असते, ईकोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची पेशी कधी आणि मागच्या पेशीला काय झालं ते थोडक्यात घरीच दिसते, मंग उगाच एसटीचं भाडं घालून तारीख विचारायला जायचं काम नाही.

आता टक्केवारी. मोबदल्याच्या केसमध्ये "आता काही देऊ नका, पैसे आले की २० टक्के द्या" असं सर्रास बोललं जाते आणि कास्तकाराला ते बरं वाटते, खिशातून काही जात नाही ना. पण बार कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणारी देशाची संस्था, तिच्या नियमात हे सरळ बंद आहे. निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही आणि भेटलेल्या रकमेत वकिलाला वाटा घेता येत नाही. अमेरिकेत अपघात-नुकसानीच्या केसेस बहुतेक टक्क्यावरच चालतात, साधारण एक तृतीयांश, पण तिथं करार लेखी लागते. इंग्लंडनं २०१३ पासून दिवाणी केसमध्ये मुभा दिली पण वर मर्यादा घातली, शारीरिक इजेच्या दाव्यात २५ टक्के. आपल्याकडं बंदी असून गुपचूप चालते, म्हणजे कागद पण नाही आणि मर्यादा पण नाही, कास्तकारासाठी सगळ्यात वाईट ते हे. म्हणून टक्क्याला हो म्हणू नका, ठराविक रक्कम ठरवा आणि हप्त्यानं द्या. मोबदला थेट स्वतःच्याच खात्यात जमा व्हावा म्हणून पासबुकाची झेरॉक्स अर्जाला लावली की नाही ते स्वतः पाहा. पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवणं आणि मागितला की त्याची नक्कल देणं वकिलाला बंधनकारक आहे, तर मागायला लाजू नका.

वकील बदलायचा असन तर तो तुमचा हक्क आहे. आधी सरळ जाऊन एनओसी (हरकत नाही असं पत्र) मागा, बहुतेक जण देतात. नाहीच दिली तर नवीन वकिलामार्फत कोर्टात अर्ज करा आणि कोर्टाच्या परवानगीनं जुनं वकीलपत्र रद्द करून घ्या. "आधी बाकी फी द्या मंग फाईल नेजा" असं कोणी म्हटलं तर सुप्रीम कोर्टाचा २००० सालचा निकाल सांगा. त्यात भोपाळच्या एका बँकेच्या फायली वकिलानं फीसाठी अडकवल्या होत्या, आणि कोर्टानं स्पष्ट केलं की फीसाठी फाईल दाबून ठेवता येत नाही, ती गैरवर्तणूक आहे, फी पाहिजे तर वकिलानं वेगळा दावा लावावा. म्हणून फाईल लेखी मागा, स्पीड पोस्टानं, आणि पोचपावती जपून ठेवा.

तक्रारीचं. केस हरली म्हणून तक्रार होत नाही हे आधी डोक्यात घ्या. पैसे खाल्ले, समोरच्या पार्टीशी हात मिळवला, खोटी माहिती दिली, फाईल अडवली, यावर होते. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ चं कलम ३५, अर्ज जाते मुंबईला, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा कडे. अर्जात राग काढू नका, तारखेवार लिहा, सही आणि सत्यापन करा (लिहिलेलं खरं आहे असं शेवटी लिहून सही), मेसेजचे आणि पावत्यांचे प्रिंट जोडा. फी आणि प्रती किती ते पाठवायच्या आधी ऑफिसात फोन करून विचारा. कौन्सिलला तक्रारीत दम वाटला तर शिस्तपालन समितीकडे जाते, ती ताकीद देऊ शकते, काही काळ सनद निलंबित करू शकते नाहीतर कायमची काढू शकते. निकाल १ वर्षात लागला पाहिजे, नाही लागला तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. निकाल पटला नाही तर ६० दिवसांत तिथंच अपील.

पण या समितीकडून तुमचे बुडालेले पैसे परत भेटत नाहीत, त्याला दिवाणी दावा, आणि फसवणूक असन तर पोलीस. ग्राहक मंचाचा रस्ताही मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं बंद केला. समितीचे तिन्ही मेंबर वकीलच. इंग्लंडमध्ये २००७ च्या कायद्यानं वकिलाच्या खराब सेवेच्या तक्रारींचं काम वकिलांच्या हातून काढून २०१० पासून लीगल ओम्बड्समन या स्वतंत्र तक्रार अधिकाऱ्याकडे दिलं, ग्राहकाला फुकट, आणि तो भरपाईचा आदेशही देते. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्यात १९९४ पासून वकिलांवरच्या तक्रारींसाठी वेगळा कमिशनर आहे. आपल्याकडं २०२५ च्या फेब्रुवारीत ॲडव्होकेट्स ॲक्टच्या दुरुस्तीचा मसुदा आला, देशभरचे वकील रस्त्यावर आले, मसुदा मागं घेतला. पक्षकाराला कोणी विचारलंच नाही, आणि मला याचा खरंच राग येते, कारण मोबदला ज्याचा जाते त्यालाच या चर्चेत जागा नाही.

आणि पैसेच नसतील तर तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, तिथं जा. बाई असन, एससी-एसटी असन, अपंग असन तर उत्पन्न न पाहता फुकट वकील भेटते, बाकी बहुतेकांना उत्पन्नाचा दाखला लागते. फोन नंबर १५१००. तिथून भेटलेल्या वकिलाला वरून एक रुपया द्यायचा नसते, त्यानं मागितला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाकडे लेखी द्या, ते वकील बदलून देतात.